बाजूच्या ब्रेकवरचा पाय

ड्रायव्हिंग शाळेत त्यांना सगळे ब्रेकबाई म्हणत. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. बाईंचा पाय बावीस वर्षं त्याच्यावर टेकलेला. घरी सोफ्यावर बसल्या तरी तो जमीन दाबायचा. "आई, टीव्ही थांबणार नाही हं," लेक चिडवायची.

गाडी सुरळीत चाललेली असताना बाई मध्येच ओरडायच्या, "टायर फुटला! बोला, काय कराल?" शिकणाऱ्याने दचकायचं नाही, तिथल्या तिथे उपाय सांगायचा.

त्या सकाळी स्टिअरिंगवर होत्या शिवणवाल्या मावशी. वय चोपन्न, उंची बेताची, बसायला खाली उशी. नवऱ्याची नजर अधू झाल्यापासून घरची गाडी दारात धूळ खात होती. लायसन्सच्या परीक्षेत मावशी दोनदा नापास झाल्या होत्या. आज तिसरी खेप. नाही जमलं तर गाडी विकायची, असं ठरवूनच त्या निघाल्या होत्या.

"माझ्यासमोर झकास चालवता. तिथेच काय होतं तुम्हाला?"

"तिथे शेजारी तुमचा पाय नसतो ना, बाई!"

निघताना बाईंनी बॉनेट उघडून तेल दाखवलं होतं. तेवढ्यात मावशींची उशी शाळेत राहिल्याचं आठवलं, बाई ती आणायला धावल्या आणि बॉनेट नुसतंच टेकलेलं राहिलं.

मोठ्या रस्त्याला लागून गाडीने वेग घेतला. पुढून खडखड आली. आणि धाडकन! बॉनेट उभंच्या उभं काचेवर येऊन आदळलं. रस्ता गेला, आभाळ गेलं, समोर नुसता पत्रा! आरशात बघावं तर पाठीला चिकटल्यासारखा ट्रक.

बाईंचा पाय ब्रेकवर घट्ट झाला.

"दाबू नका!" मावशी ओरडल्या. "मागचा अंगावर येईल! मला दिसतंय!"

"काय दिसतंय?"

"फट! बॉनेटखालची! तुमच्या त्या 'बोला, काय कराल'मध्ये तुम्हीच शिकवलीत की!"

खरंच, बेताच्या उंचीमुळे फटीतून रस्ता बघायला मावशींना फारसं वाकावंही लागलं नाही. बाईंनी पाय उचलला आणि तो पुन्हा खाली जाऊ नये म्हणून सीटवर चक्क मांडी घातली. मग बाजूच्या काचेतून रस्त्याची कड बघत म्हणाल्या, "मोकळी आहे. घ्या!"

मावशींनी चारही दिवे लुकलुकते केले. शिवणयंत्राचा वेग उतरवावा तसा अलगद पाय सैल सोडला. गाडी मंदावत, कडेकडेने सरकत थांबली. ट्रकवाला शेजारून जाताना ओरडला, "गाडीला जांभया येतायत, झोपवा तिला!"

बाई म्हणाल्या, "मावशी, चूक माझी. बॉनेट ओढून बघायला हवं होतं मी."

"ते राहू दे. तुमचे पाय कुठायत?"

बाईंनी खाली बघितलं. मांडी तशीच होती. मग दोघींना हसू आवरेना.

शाळेची दुसरी गाडी आली, तिने दोघी परीक्षेच्या मैदानावर पोचल्या. परीक्षा घेणारे साहेब शेजारी बसले. तिकडच्या ब्रेकवर आता कुणाचाच पाय नव्हता. मावशींनी खिडकीतून हाक दिली, "बाई, मांडी घाला!"

बाई खरोखरच मैदानाच्या कडेला धुळीत मांडी घालून बसल्या. गाडी चढावर थांबली. मागे घसरेल? नाही घसरली. निघाली! वळणं घेतली, आखलेल्या चौकोनात मागे गेली, कुठेही बंद न पडता परत आली.

"पास!" मावशींचा आवाज फाटकाबाहेर गेला.

बाई धावत जाणार होत्या. पण उठताच येईना. पायाला मुंग्या आल्या होत्या.