वरच्या गोलात कुणी नको

"पोरगी जिवंत आहे माझी! तिला आभाळात कशाला चिकटवलीस?"

किकुनो तेव्हा आठ वर्षांची होती. अंगभर गोवर फुललेला, आणि ती आतल्या खोलीत गादीवर पडून सरकत्या दाराआडून ऐकत होती. ओरडत होती तिची आजी. समोर उभा होता दरवर्षी बोटीनं त्या छोट्या जपानी बेटावर येणारा शाळेचा फोटोवाला.

"आजीबाई, रीतच आहे ती. त्या दिवशी जो गैरहजर, त्याचा चेहरा वरच्या कोपऱ्यात, गोलात."

"गेलेल्यांना बसवतात तिथं!"

"मग काय बाकीच्या पोरांच्या मांडीवर बसवू तिला?"

"बरी झाली की परत ये आणि परत काढ."

"एका पोरीसाठी मी बोट फिरवू? भाड्याचे तांदूळ कोण देणार, तुम्ही?"

आजी अख्ख्या गावाला पुरून उरणारी बाई, पण या भांडणात हरली. फोटो शाळेच्या भिंतीवर लागला. खाली एकोणीस मुलं ओळीनं उभी, आणि वर गोलात किकुनो, जणू चंद्रातून डोकावतेय. पोरं तिला चांदोबा म्हणायला लागली. ती हसायची, पण त्या भिंतीखालून जाताना मान वर करायची नाही.

आणि नशीब बघा, पुढं चाळीस वर्षं तिनं त्याच शाळेत स्वयंपाक केला. रोज भाताचं भांडं घेऊन त्याच भिंतीखालून जायचं. नवरा समुद्रावर गेला तो आलाच नाही, मूल नव्हतं, तेव्हा जेवणाच्या वेळी ताटल्या पुढं करणारी पोरंच तिची. पण पोरं कमी कमी होत गेली. तरुण माणसं पलीकडच्या शहरात राहायला गेली, आणि एका वर्षी चारच ताटल्या उरल्या. मार्चमध्ये शाळा कायमची बंद, असं पत्र आलं.

"शेवटचा फोटो कोण काढणार?" किकुनोनं विचारलं.

"फोटोवाले आता थकले, बोटीत चढवत नाही त्यांना," शाळेचे एकुलते एक शिक्षक ओबाता गुरुजी म्हणाले. "मी मोबाइलवर काढतो की."

"एवढी जुनी शाळा आणि तिला निरोप मोबाइलवर? मी काढते."

"तुमच्याकडे कॅमेरा आहे?"

"नाही. उद्या आणते. कोबी आणायला जायचंच आहे."

शहरातल्या बाजारगल्लीत कुवाहारांचं जुन्या-नव्या कॅमेऱ्यांचं दुकान होतं. दुकान अंगठीच्या डबीएवढं आणि कुवाहारा स्वतः कपाटाएवढे. किकुनो कोबीची पिशवी पायाशी ठेवून उभी राहिली.

"पाच माणसं मावतील असा कॅमेरा द्या. चार मुलं, एक गुरुजी."

कुवाहारा हसले नाहीत, हे तिला आवडलं. त्यांनी दोन कॅमेरे काचेवर ठेवले. "हा छोटा, हलका. पाठीवरच्या पडद्यावर सगळं दिसतं. आणि हा डीएसएलआर, डोळा लावून बघायचा. जड आहे. सगळेच नवशिके हलका मागतात."

किकुनोनं हलका उचलला. तिच्या बोटांनी चाळीस वर्षं मुळे सोलले होते. त्या बोटांत तो दिसेनासाच झाला. पडद्यावरचं दिसायला चष्मा लागला, आणि चष्मा घातला तर पडद्यावर दुकानाचा दिवा चमकला.

"हा मला घाबरतोय," ती म्हणाली आणि जड उचलला. डोळे मिटले, तळहातावर तोलला, सुरी विकत घेताना तोलतात तसा. मूठ आपोआप बसली. "हा बसला बघा."

"आता डोळा लावा."

तिनं डोळा लावला. "धुकं आहे आत."

कुवाहारांनी डोळ्याशेजारचं इवलंसं चाक बोटानं फिरवलं. "डोळ्याचा नंबर आहे हा. तुमच्यापुरता लावून देतो. आता?"

धुकं विरलं. रस्त्यापलीकडं एक बाई उभी होती, तिच्या टोपलीत पातीचा कांदा होता, आणि त्या पातीच्या टोकाला पाण्याचा एक थेंब लोंबत होता. चष्म्याशिवाय! थेंब थरथरला, लांबला, पडला. तिनं डोळा काढून रस्त्याकडं पाहिलं तर नुसतंच काहीतरी हिरवं. परत डोळा लावला.

"हे चित्र आहे का आतलं?"

"चित्र नाही. आत आरसा आहे. बाहेरचाच उजेड त्यावर पडून तुमच्या डोळ्यात येतो. जे आहे तेच दिसतं. बटण दाबलं की आरसा उडतो, आणि तो उजेड आत राहतो."

"म्हणजे आत्ता त्या बाईच्या अंगावरचा उजेड माझ्या डोळ्यात आलाय?"

कुवाहारांनी आजवर शेकडो कॅमेरे विकले असतील. पण असं कुणी विचारलं नव्हतं. "हो, म्हणजे तसंच की," ते म्हणाले. आणि मग, "सहावं माणूस कुठाय? तुम्ही फोटोत नाही?"

किकुनो चपापली. फोटो काढता काढता आपणच गोलात जाणार, याचा तिनं विचारच केला नव्हता. कुवाहारांनी एक बटण दाखवलं. दाबलं की पुढचा तांबडा दिवा लुकलुकतो, दहा सेकंद जातात, मग फोटो. तेवढ्यात धावत जाऊन उभं राहायचं.

पिशवीत कोबीच्या खाली कॅमेरा घालून ती बोटीत बसली.

पंधरा दिवस सराव चालला. पहिल्या पन्नास फोटोंत नुसते पाय! गुरुजींचे बूट, मुलांचे मोजे, कोंबडीचे पंजे. गुरुजींना वाटलं कॅमेरा बिघडला. मुलांनी पहारा ठेवून चोरी पकडली: समोरचा थांबला, त्याबद्दल आभार म्हणून किकुनो आजी कमरेतून वाकते, आणि वाकता वाकताच बटण दाबते!

"आजी, आधी दाबा, मग वाका," मुलं ओरडायची.

"आभार मानायला उशीर करू होय? कुणी शिकवलं तुम्हाला?"

"मग फोटो पायांचेच येणार ना, आजी!"

शेवटी जमलं. कॅमेरा स्थिर धरायचा आणि मागाहून वाकायचं.

आणि फोटोच्या आदल्या दिवशी मिनोरीला कांजिण्या आल्या. चौघांत सगळ्यात धाकटी, दुसरीतली.

"ती बरी होईपर्यंत थांबावं, तर तोवर मीच बदलीवर शहरात जाणार," गुरुजी हळू आवाजात म्हणाले. "तिचा जुना फोटो आहे माझ्याकडं. कॉम्प्युटरवर वर गोलात छान बसवता येतो आता."

किकुनोच्या हातातलं भांडं खाली आलं, ते जरा जोरातच आलं. "गोल नको. ती येऊ शकत नाही ना? मग शाळा तिच्याकडं जाईल."

आणि शाळा निघाली. तीन मुलांनी बाक उचलला, गुरुजींनी दारावरची पाटी काढून खांद्यावर घेतली, आणि किकुनोनं भाताचं मोठं भांडं. दगडी पायऱ्या चढत सगळे मिनोरीच्या घरासमोर आले. भांडं पालथं घालून त्यावर तिनं कॅमेरा ठेवला, खाली टॉवेलची घडी सारून त्याचं तोंड वर केलं, गुडघे टेकून डोळा लावला.

बाक दिसला, पाटी दिसली, मुलं दिसली. माडीवरच्या खिडकीच्या काचेत मात्र नुसतं आभाळ आणि समुद्र. मिनोरी काचेमागं उभी होती, हे ठाऊक असूनही दिसत नव्हती.

"खिडकी उघडा," ती ओरडली.

"वारा लागेल तिला!" मिनोरीची आई वरून ओरडली.

"दहा मोजेपर्यंतच!"

बाईनं क्षणभर खाली पाहिलं. पाटी धरलेले गुरुजी, थंडीत उघड्या गुडघ्यांची तीन पोरं, भांड्यामागची म्हातारी. तिनं खिडकी सरकवली.

किकुनोनं बटण दाबलं आणि धावली. मुलं मोजू लागली, वरून मिनोरीही मोजू लागली, गालांवर औषधाचे पांढरे ठिपके, आठ म्हणताना ती खिडकीतून निम्मी बाहेर. दहा. आरसा उडाल्याचा खट्ट आवाज आला. किकुनोला तेवढं कुठलं राहवतं! त्याआधीच ती आभार म्हणून पुढं वाकली होती.

तो फोटो जुन्या फोटोशेजारी लागला. सगळ्यांत उंचावर मिनोरीच आहे, पण गोलात नाही. तिच्याच घरात, तिच्याच खिडकीत, तोंड उघडं टाकून हसतेय. किकुनो त्या दिवशी भिंतीसमोर उभी राहिली आणि मान वर करून दोन्ही फोटो पोटभर बघत राहिली. गुरुजींनी चहा आणला, तो तसाच गार झाला.

शाळा गेली, कॅमेरा राहिला. दर सप्टेंबरात, म्हाताऱ्यांना मान द्यायच्या सणाला, ती अख्ख्या बेटाचा एक फोटो काढायची. जो अंथरुणावर, त्याच्या अंगणात बेट गोळा व्हायचं. एकाही फोटोत गोल नाही. आणि एकाही फोटोत किकुनोचं तोंड नाही, वाकलेल्या डोक्याचा नुसता पांढरा भांग.

जग सोडून जायच्या दोन दिवस आधीही ती फोटोंची पाकिटं घेऊन घरोघर हिंडली. शेवटचं पाकीट अंथरुणावरच्या शिमाझु आजोबांचं.

"यात तुझं तोंड कुठाय गं?"

"हे केस दिसतात ना, तीच मी."

"पुढच्या खेपेला तरी वर बघ."

"बघते की."

आजोबांनी उशाशी ठेवलेली दोन हिरवी संत्री दिली. तिनं ती ॲप्रनच्या खिशात घातली, दारात वळून कमरेतून वाकली, आणि पायऱ्या उतरून धक्क्याकडं निघाली. कोबी आणायचा होता.