तेलगावच्या फाट्यावरचे माझे व्याही

माझ्या व्याह्यांइतका भांडखोर माणूस तेलगावच्या फाट्याने आजवर पाहिलेला नाही आणि यापुढे पाहील असंही वाटत नाही. माझी लेक त्यांच्या घरात दिलेली, म्हणजे मी मुलीचा बाप. त्यांच्यापुढे नमतं घेणं आलंच. त्यात आम्ही दोघेही धारूरचे, दोघांच्याही नोकऱ्या बीडला आणि दोघांची गाडीही एकच. इतर लोक सणावाराला व्याह्यांचा मान राखतात. मी तो रोज सकाळी, अर्धवट झोपेत राखत असे.

पूर्वी आमची गाडी धारूरहून थेट बीडला जायची. बसलं की डोळे मिटायचे, ते बीडच्या स्टँडवर उघडायचे. मग वर कुणीतरी ठरवलं की तिनं तेलगावलाच थांबायचं आणि माघारी फिरायचं; पुढे जाणाऱ्यांनी परळीकडून येणारी गाडी धरावी. कागदावर ते ठीकच दिसलं असेल. पण परळीची गाडी आमच्या थोडी आधी येई आणि आम्ही वळणावर दिसेपर्यंत निघूनही जाई. मग फाट्यावर उभं राहायचं. पुढची कधी येईल याचा नेम नाही, आणि आली तरी दारापर्यंत भरलेली. रोज उशीर, रोज साहेबांची बोलणी. आम्ही इतके दमलो की तक्रार करायचंही त्राण उरलं नाही.

व्याही मात्र दमले नाहीत. सुरुवातीला ते तेलगावला गाडीतून उतरतच नसत. रिकाम्या गाडीत ताठ बसून ड्रायव्हरला विचारत, "गाडी संपली म्हंजे काय? रस्ता संपला का?" एकदा तो खरंच त्यांना घेऊन धारूरला परतला. मग त्यांनी परळीच्या गाडीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला सुरुवात केली. रुमाल नसला की टोपी, टोपी नसली की जेवणाचा डबा. एका सकाळी काहीच हाताशी नव्हतं म्हणून चप्पल टाकली. गाडी हलली, चप्पल बीडच्या दिशेने गेली आणि व्याही माझ्या खांद्यावर हात ठेवून एका पायावर उभे राहिले. "जाऊ द्या पाव्हणं," ते म्हणाले, "एक तरी पोचली."

आमच्या गाडीला एक सिस्टर असत. खेड्यातल्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई, घरी एकट्याच. किडन्या निकामी झाल्याने त्यांना डायलिसिससाठी बीडला जावं लागे. जीपमध्ये कोंबून घाटातले हादरे खाणं त्यांना सोसत नसे. गाडी हुकली की दवाखान्यातला नंबर जाई, आणि नंबर गेला की पाय सुजत, दम लागे. एकदा परळीची गाडी समोरून गेली तेव्हा सिस्टर रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या. व्याही त्यांच्याकडे बघत उभे होते. त्यानंतर सिस्टरांच्या डायलिसिसच्या दिवशी ते आमच्या गाडीला दिसेनात.

ते आधीच्या जीपने पुढे जातात आणि फाट्यावर भांडतात, असं कानावर आलं. लाज वाटून मी एकदा मुद्दाम त्यांच्याबरोबर गेलो. परळीची गाडी आली. व्याह्यांनी एक पाय पायरीवर ठेवला, एक जमिनीवर, आणि कंडक्टरला म्हणाले, "ही पाटी कुणी रंगवली? बीडला दुसरी वेलांटी असती. तुमी पहिली कावून दिली?"

"काका, वर या न्हाईतर उतरा."

"पहिली वेलांटी! आमचा जिल्हा काय लहान हाय का?"

आतले प्रवासी ओरडू लागले. मी तोंड फिरवलं. तेवढ्यात आमची गाडी वळणावर दिसली, थांबली, सिस्टर पिशवी सांभाळत रस्ता ओलांडून आल्या. व्याह्यांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं. "जय भीम, सिस्टर. चढा," म्हणाले, आणि कंडक्टरला, "बरं, सवडीनं दुरुस्त करा."

"इनंती केली तर कंडक्टर घड्याळ बघतेत," नंतर ते मला हळूच म्हणाले. "भांडण लागलं की घड्याळ कोण बघतंय?"

हे बरेच महिने चाललं. शेवटी एका घाईतल्या ड्रायव्हरने पायरीवर पाय असतानाच गाडी हलवली आणि व्याही खडीवर पडले. गाडी निघून गेली. आमच्या गाडीतून उतरलेल्या सिस्टरांनीच त्यांचा गुडघा बांधला.

"माझ्यासाठी हातपाय मोडून घेऊ नका, दादा," त्या म्हणाल्या.

"तुमच्यासाठी कोण भांडतंय? मी वेलांटीसाठी भांडतो."

पण सिस्टरांनी ते मनाला लावून घेतलं. महिनाभरात त्या बीडला बहिणीकडे राहायला गेल्या. पाठोपाठ व्याहीही निवृत्त झाले. फाट्यावर आता कुणी भांडत नाही. आम्ही मुकाट उभे असतो.

गेल्या रविवारी लेकीकडे गेलो, तर व्याही दारात खुर्ची टाकून पाय लांब करून बसले होते.

"सिस्टर बऱ्या हाईत ना?"

"बऱ्या आहेत. दवाखाना जवळच आहे त्यांना."

"बरं झालं." बराच वेळ ते गुडघा चोळत राहिले. "आन् परळीची गाडी? थांबती का आता?"

आदल्याच दिवशी ती आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली होती.

"थांबते," मी म्हणालो.

"लई बेस," व्याही म्हणाले, आणि आत बघून त्यांनी माझ्या लेकीला हाक मारली, "सूनबाई, पाव्हण्याला च्या टाका."