वहीताई आणि न पडलेली माणसं

त्या वृद्धाश्रमात देखरेखीचं काम बघणाऱ्या बाईंना सगळे वहीताई म्हणत. काखेत हिरव्या पुठ्ठ्याची वही कायम. कुणी पडलं, घसरलं, नुसतं धडपडलं तरी तीत नोंद व्हायची: वेळ, जागा, पायात काय होतं. रोज सकाळी त्या प्रत्येक न्हाणीघरातल्या स्टुलावर स्वतः बसून ते डुगडुगतंय का बघायच्या. मग एखाद्या खाटेवर आडव्या होऊन घंटीची दोरी ओढायच्या आणि मावशी येईपर्यंत आकडे मोजायच्या. वीसच्या आत आली तर हसायच्या. चाळीस झाले तर बोलायच्या नाहीत, आणि ते न बोलणंच मावशींना झोंबायचं.

एकदा व्यवस्थापक त्यांना जेवणघराच्या दारात म्हणाले, "ताई, पुढच्या महिन्यात तपासणी आहे. गेल्या वर्षी तुमच्या वहीत एकतीस माणसं पडली. शेजारच्या आश्रमात दोन. यंदाही असंच दिसलं, तर विश्वस्त तुम्हाला घरी बसवतील."

"शेजारची म्हातारी माणसं काय उडतात?" ताई म्हणाल्या.

हे आत बसलेल्या प्रॉम्प्टरमामांनी ऐकलं. मामांनी चाळीस वर्षं विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवलेली. कान तिखट. संध्याकाळपर्यंत प्रत्येक खोलीत निरोप पोचला: तपासणी होईपर्यंत कुणी पडायचं नाही. म्हणजे पडायचं, पण सांगायचं नाही.

तीन आठवडे वही कोरी. व्यवस्थापक खूश, ताई मात्र कोरं पान पुन्हा पुन्हा उलटून बघायच्या. एकही चूक नसलेला प्रयोग फक्त रिकाम्या थिएटरात होतो, एवढं त्यांनाही कळत होतं.

तपासणीच्या आदल्या दुपारी गणिताच्या निवृत्त बाई जेवणघरात भर उकाड्यात लांब बाह्यांचा स्वेटर घालून बसलेल्या दिसल्या. ताईंनी हळूच बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत काळंनिळं.

"डास चावला," बाई म्हणाल्या.

"डासाच्या हातात काठी होती?"

बाई गडबडल्या. मागून मामांची सवयीची कुजबुज आली, "दार लागलं… दार लागलं म्हणा."

ताई खुर्ची ओढून मटकन बसल्या. म्हणाल्या, "माझी नोकरी वाचवायला तुम्ही हाडं मोडून घेणार? आणि मोडलेलं हाड मला कळणारच नसेल, तर ही नोकरी मी करू कशाला?"

 मग गणिताच्या बाईंनी दुखरा हात वर केला. त्यांच्यामागून एकेक करत आणखी सात. शेवटी मामांनी दोन्ही हात वर केले. "दोनदा," ते पुटपुटले.

ताईंनी दहाही नोंदी लिहिल्या आणि लिहितानाच थबकल्या. सात जण एकाच जागी पडले होते, जेवणघराच्या वळणावर, चारच्या चहाला येताना.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या बाईंनी वही चाळली, भुवया उंचावल्या. व्यवस्थापक घाम पुसू लागले. ताई म्हणाल्या, "चार वाजतायत. जरा चहाला चला."

वळणावर पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन चकचकीत फरशीवर सांडलं होतं. त्या उजेडात तिथली बोटभर उंचीची पायरी दिसतच नव्हती. तपासणीच्या बाईंचा पाय अडखळला. ताईंनी त्यांचा दंड आधीच धरून ठेवला होता.

"अकरावी नोंद करू?"

"करा," त्या सावरत म्हणाल्या. मग व्यवस्थापकांकडे वळल्या. "पायरी काढून उतार करा. तोवर खिडकीला जाड पडदा लावा. आणि या बाईंना घरी बसवायचा विचार असेल तर आधी मला कळवा. शेजारच्या आश्रमानं मला दाखवलेली ती दोन पडलेली माणसं मी आता नीट मोजणार आहे."

पडदा त्याच संध्याकाळी लागला. पावणेचारला तो ओढायचं काम मामांनी मागून घेतलं. सारा जन्म विंगेत गेला, पण पडद्याची दोरी हातात पहिल्यांदाच आली. रोज त्या वेळी ते शर्ट बदलून येत.

एक दिवस ते स्वतःच ताईंसमोर येऊन उभे राहिले.

"लिहा. आज पडदा पाच मिनिटं उशिरा."

"कुणी पडलं का, मामा?"

"नाही. पण लिहा."

ताईंनी लिहिलं.