गाडीचं पाणी

ऐंशीच्या दशकात धुळ्याला आमच्या कॉलनीत तीनच मोटारी होत्या. एक डॉक्टरांची, एक वकिलांची आणि एक आमची. पहिल्या दोन कारखान्यातून आल्या होत्या, आमची आमच्या अंगणातून आली होती. आमचे हे तंत्रशाळेत फिटरचे मास्तर. एका ठेकेदाराची मोडीत निघालेली जीप त्यांनी आणली, म्हणजे खरं तर तिचा सांगाडा आणला, आणि तीन वर्षं खपून त्यावर मोटार उभी केली. इंजिन दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचं. पत्रा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या वेल्डरकडचा. मागची सीट बसच्या भंगारातली, तिच्या पाठीवर कोणीतरी ब्लेडने बदाम कोरून ठेवला होता. हॉर्न ट्रकचा. तो वाजला की माणसं घाबरून बाजूला होत, मग मागे वळून आमची गाडी बघत आणि पुन्हा रस्त्याच्या मधोमध चालू लागत.

गाडी झाली तेव्हा मला वाटलं, सुटले. पण गाडी बांधणं हा आजाराचा पहिला टप्पा होता. गाडी बंद पडली की यांची दुरुस्ती चाले आणि चालू राहिली की सुधारणा चाले. आधी हँडल मारून सुरू व्हायची, ती बटणावर सुरू होऊ लागली. चार पात्यांचा पंखा गेला, सहा पात्यांचा आला. धुळ्याचा पाऊस तो केवढा, पण वायपर तीनदा बदलला. समोरचे अहिराणी बोलणारे तात्या रोज सकाळी दात घासताना कुंपणावरून विचारत, "मास्तर, गाडी आज चालू शे का खोलेल शे?"

एक सुधारणा मात्र मला आवडली नव्हती. माझ्या बाजूचं दार फक्त बाहेरून उघडायचं. त्यामुळे कुठेही गेलो तरी हे आधी उतरत, गाडीला वळसा घालून येत आणि माझं दार उघडत. कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, काय बाई प्रेम! दोन वर्षं मी त्यांना तसं समजू दिलं. मग एका रविवारी यांनी ते दार दुरुस्त केलं.

हे सगळं मी हसत सोसलं, कारण माझं खरं दुखणं दुसरं होतं. माझं माहेर जळगावजवळचं असोदा. आमच्याकडे रीत अशी की लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि आम्हाला मूल नव्हतं. आबा धुळ्याला यायचे, पण ओट्यावर बसायचे. सोबत फिरकीच्या झाकणाचा तांब्या आणायचे, त्यातलंच घरचं पाणी प्यायचे आणि संध्याकाळच्या बसने परत जायचे. कोणाचा बाप असा बसस्टँडवर बसल्यासारखा लेकीच्या दारात बसत असेल? मी एकदा भांडले, तर म्हणाले, "नातू व्हऊ दे माय, मंग मांडी घालून जेवीन." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, पण ते वाक्य मी अकरा वर्षं उशाला घेऊन झोपले. माझ्या घरात बसून आबांनी घोटभर पाणी प्यावं, एवढीच माझी इच्छा होती.

संधी मोतीबिंदूने आणली. जळगावला डोळ्यांचे डॉक्टर नव्हते असं नाही, पण धुळ्याचे डॉक्टर यांच्या ओळखीचे, त्यांचा हात हलका, असं मी इतक्या वेळा घोकलं की आबा कंटाळून हो म्हणाले. ऑपरेशननंतर पट्टी सुटेपर्यंत धुळ्यातच राहायचं होतं. भाऊ म्हणाला, लॉजवर खोली घेऊ. मी म्हटलं, "घे की, मीही चटई घेऊन तिथेच येते. लोक विचारतील तेव्हा काय सांगायचं ते तू सांग." मग तडजोड झाली. आबा आमच्या पडवीत राहतील, आईने दिलेल्या दशम्या खातील आणि पाणी शेजारच्या घरातलं पितील. शेजारच्यांच्या नळाला आणि आमच्या नळाला एकाच टाकीतून पाणी येई, पण हे कोणाला सांगणार?

यांनी जाहीर केलं, आबांना बसने आणायचं नाही, मी गाडी घेऊन येतो. मी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आधीच माहेरी गेले होते. आखाजी संपल्यावर आम्हाला न्यायला यायचं ठरलं. सासरा पहिल्यांदा गाडीत बसणार म्हटल्यावर या माणसाला एक सुधारणा सुचली नसती तरच नवल.

हे पहाटे निघून सकाळी असोद्याला पोचले, तेव्हा निम्मं गाव गाडीभोवती जमलं. गाडीच्या तोंडावर, रेडिएटरच्या पुढे, नवी कोरी पत्र्याची जाळी होती. तिला जाळी म्हणायचं ते कौतुकाने. सासुरवाडी केळीवाल्यांची, म्हणून यांनी त्या पत्र्यातून केळीची दोन झाडं कापून काढली होती, मध्ये भलामोठा घड, वरून हिरवा-पिवळा रंग. केळीचं पान किती रुंद असतं ते असोद्यात सांगायला नको. यांनी एकही पान लहान केलं नव्हतं. आबांना धड दिसत नव्हतं, त्यांनी हाताने चाचपून फण्या मोजल्या आणि म्हणाले, "नऊ फण्यांचा हाये. खत चांगलं टाकेल दिसतं." यांची छाती फुगली.

कौतुक, चहा, पुन्हा कौतुक असं करत निघायला अकरा वाजले. खानदेशातल्या उन्हाळ्यात अकरा वाजता निघणं म्हणजे काय ते इकडच्या माणसाला कळतं. आबा पुढे बसले, मांडीवर फिरकीचा तांब्या. मी मागे, बदामाला पाठ टेकून. पायाशी पाण्याचा कॅन. तो यांनी धुळ्याहून, आमच्या नळावरून भरून आणला होता. विहिरीच्या पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार साचतात, म्हणून गाडीला असोद्याचं पाणी चालत नव्हतं. आबांना माझं पाणी चालत नव्हतं आणि गाडीला आबांचं. अशा दोघांच्या मध्ये मी बसले होते.

एरंडोल सोडलं आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. हे उतरले, थांबले, निम्म्याहून जास्त कॅन रेडिएटरमध्ये ओतला. "चढामुळे झालं," म्हणाले. चढ कुठे होता ते मला दिसलं नाही. पारोळा मागे पडलं आणि एका उजाड पट्ट्यावर गाडीने जी वाफ सोडली ती बघून समोरून येणारा बैलगाडीवाला खाली उतरला आणि बैलांना धरून उभा राहिला.

रस्त्याच्या कडेला एक निंब होता. आबांना तिथे बसवलं. यांनी पंखा बघितला, पट्टा बघितला, नळ्या चाचपल्या. गाडीचा एकेक अवयव निर्दोष असल्याचं मला मोठ्याने सांगितलं. जाळीकडे मात्र बघेनात. आबा निंबाखालून डोळे बारीक करून त्या हिरव्या-पिवळ्या धूसर रंगाकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "जावईबापू, एक इचारू? आम्ही केयीच्या बागाले भोवताली शेवरी लावतो. काब्रं? तर वारा आत घुसू नही म्हनून. तुम्ही तर इंजिनापुढं केयच लावून देली. त्याले वारा कुठून भेटीन?"

यांनी पाना घेतला आणि काही न बोलता जाळीचे बोल्ट सोडायला सुरुवात केली. मी मात्र बोलले. पुष्कळ बोलले. एवढं खपून गाडीचं तोंड दाबून टाकणारा फिटर या जिल्ह्यात दुसरा नसेल, असंही म्हणाले. हे शांतपणे म्हणाले, "डिझाइन चांगलं आहे, जागा चुकली."

इंजिन निवायला तासभर गेला. रेडिएटरला पाणी पुरेना. कॅन रिकामा झाला तर पुढे काय, म्हणून हे थोडं थोडं ओतत होते. तेव्हा आबांनीच आपला फिरकीचा तांब्या पुढे केला. "ओता. मह्यापेक्षा त्याले जास्त तहान हाये." यांनी क्षारांचा विचार केला, मग ओतला.

आता आबांना प्यायला काही नव्हतं. ऊन डोक्यावर, वारा भट्टीतून आल्यासारखा. आबांचं वय सत्तरीचं. त्यांच्या ओठांवर पांढरी साय आल्यासारखी दिसू लागली आणि ते बोलायचे थांबले. कॅनच्या तळाशी दोन-तीन तांबे पाणी होतं. मी तांब्या भरून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी मान फिरवली. "तुह्या घरचं हाये ते." मला भीती वाटत होती आणि राग आला होता, दोन्ही एकदम. मी म्हटलं, "आबा, इथे घर कुठे दिसतंय तुम्हाला?" तरी मान हलेना.

बॉनेटखालून यांचा आवाज आला, "आबा, ते घरचं पाणी नाही. गाडीचं आहे."

"गाडी कोनाची? तुमचीच ना?"

"कागदावर नाही. आरसी बुक अजून त्या ठेकेदाराच्याच नावावर आहे."

हे खरं होतं. नाव बदलून घ्या म्हणून मी तीन वर्षं यांच्या मागे लागले होते. गाडी पूर्ण झाली की घेतो, असं यांचं उत्तर असे आणि गाडी काही पूर्ण होत नव्हती. आबांनी विचार केला. त्यांचा हयातभराचा कायद्याचा अनुभव एका बांधाच्या भांडणाचा, कागदाला ते फार मानत. "मंग ठीक हाये," म्हणाले आणि तांब्या तोंडाला लावला. एक घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं, पण सगळं प्यायले.

जाळी मागे माझ्या शेजारी ठेवून आम्ही धुळ्याला पोचलो, वाटेत गाडी एकदाही तापली नाही. दुपार कलली होती. आबा पडवीत खाटेवर बसले. मी शेजारच्या घरी पाणी मागायला निघाले, तर म्हणाले, "त्याहीले कशाले तरास देतं? गाडीचंच आन."

मी अंगणात गेले. कॅन कोरडा होता. मी त्या कॅनवर तांब्या आपटून ठण्णकन आवाज केला. मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरले, माठातलं पाणी भरलं आणि घेऊन आले. आबा प्यायले.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. एक रात्र दवाखान्यात काढून, डोळ्यावर पट्टी बांधून आबा पुन्हा पडवीत आले. मग तीन दिवस माझा तोच उद्योग. तहान लागली की आबा म्हणत, "गाडीचं पानी आन," मी अंगणात जाऊन कॅन वाजवायची आणि माठातलं पाणी आणायची. बापाला फसवते आहे हे कळत होतं. रात्री देवापुढे नाक घासायची आणि सकाळी पुन्हा कॅन वाजवायची. हे सगळं बघत होते. त्यांनी एवढंच सांगितलं की वाजव, पण पोचे पाडू नकोस.

पट्टी सुटली. आबांना समोरच्या तात्यांच्या कुंपणाच्या तारासुद्धा दिसू लागल्या. जायच्या दिवशी सकाळी भाऊ न्यायला येणार होता. आबांनी शेवटचं पाणी मागितलं. मी नेहमीप्रमाणे ठण्णकन आवाज केला आणि तांब्या आणून दिला. ते सावकाश प्यायले, तांब्या खाली ठेवला, मिशा पुसल्या.

"माय, एक सांग. त्या दिवशी रस्त्यावर पेलो त्या पान्याले घासलेटाचा वास येत होता. इथं आल्यापासून वाया येऊ राह्यला. गाडीत वाया कोन टाकतं वं?"

उन्हाळ्यात माझ्या माठात वाळ्याची जुडी असते. बापाला फसवायला निघालेल्या बाईला ते आठवलं नव्हतं.

"पहिल्याच घोटाले समजलं," आबा म्हणाले.

"मग प्यायलात कशाला, आबा?"

ते अंगणाकडे बघत म्हणाले, "तू इतली कॅन वाजवत होती. नही कसं म्हनू?"

आबा उठले, धोतर सावरलं आणि पडवी ओलांडून, उंबऱ्यावरून पाय टाकून स्वयंपाकघरात आले. अकरा वर्षांत त्यांनी माझी चूल पाहिली नव्हती. सगळीकडे नीट बघून घेतलं, नवीन डोळ्याने.

"दशम्या कडक झाल्या," म्हणाले. "दोन भाकरी टाक. गाडीच्या म्हनून खाईन."

मी पीठ घेतलं. रडू येत होतं, त्यामुळे पहिली भाकरी वाकडी झाली. आबांनी तीच आधी मागून घेतली, पाटावर मांडी घातली आणि ठेच्याशी खाल्ली.