कानसेनांचा डावा कान

पंपदुरुस्तीच्या कारखान्यात त्यांना सगळे कानसेन म्हणत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या पंपाला, मूठ डाव्या कानाला, डोळे मिटलेले. अर्ध्या मिनिटात सांगायचे, कुठलं बेअरिंग गेलंय. उघडल्यावर तेच निघायचं. उजव्या कानाला त्यांनी या कामाची सवयच लावली नव्हती.

मग सर्दी झाली. नाक आठवड्यात मोकळं झालं, पण डावा कान बोळा कोंबल्यासारखा राहिला. सांगायची सोय नव्हती, कारण शेजारच्याच टेबलावर मेहुणा होता. बायकोची भुणभुण थांबावी म्हणून त्यांनीच त्याला हे काम शिकवलं होतं. एका पंपाचं त्यांनी पुढचं बेअरिंग सांगितलं. उघडलं तर ते नव्यासारखं. गेलं होतं मागचं. मेहुणा आधीच तसं म्हणाला होता, तेही हळू आवाजात, आदराने. त्यापेक्षा शिवी परवडली असती.

तेव्हापासून पंप आला की मालक आधी मेहुण्याला हाक मारू लागले. घरी बायकोच्या तोंडी भावाचंच कौतुक. भाऊ कर्तबगार, नवरा आपला नवरा.

शेवटी डॉक्टर गाठले. त्यांनी नादकाटा वाजवून कपाळाच्या मधोमध टेकवला आणि कुठे जास्त ऐकू येतंय विचारलं. उत्तर कानसेनांना स्वतःलाच चमत्कारिक वाटलं: बंद पडलेल्या डाव्या कानात. सर्दीने नाक आणि कान जोडणारी नळी सुजलीय, पडद्यामागे पाणी साचलंय, असं डॉक्टर म्हणाले. आतला कान ठणठणीत आहे, हाडातून येणारा आवाज त्याला पोचतो. पाणी बहुधा काही आठवड्यांत ओसरेल. महिन्याने पुन्हा दाखवा.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याने एका पंपाचं मागचं बेअरिंग गेल्याचं सांगितलं. पंप अजून चालूच होता. कानसेनांनी जाता जाता स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं आणि मूठ डाव्या कानामागच्या हाडावर दाबली. मागचं बेअरिंग साफ होतं. बारीक खडखड पुढून येत होती.

त्यांनी मेहुण्याला मागूनच उघडू दिलं. पंप बंद झाला, बोल्ट निघाले, बेअरिंग बाहेर आलं, मालकांनी ते बोटाने फिरवून पाहिलं. त्यात काहीच खोट नव्हती. तेव्हा कानसेन म्हणाले, "पुढून उघड. पंख्यात खडा अडकलाय."

खडा निघाला, सुपारीएवढा. मेहुण्याचे कान लाल झाले.

"दाजी, कसं ऐकलंत?"

"कानाने," ते म्हणाले, आणि स्क्रूड्रायव्हर आपल्या पेटीत टाकून कुलूप लावलं.