पॉलिसीतली दुसरी बाई

माझी शाळा सातवीत सुटली. पुढची शाळा खाडीपलीकडे होती आणि मुलीला रोज होडीत कोण बसवणार, म्हणून घरच्यांनी विषयच संपवला. पण शाळा सोडल्याचा दाखला वडिलांनी जपला आणि लग्नात माझ्याबरोबर दिला. सासरी मध्य प्रदेशात, देवासला आल्यावर काही वर्षांनी माझं आधार कार्ड निघालं ते त्या दाखल्यावरूनच. नाव माहेरचं, आडनाव तेवढं सासरचं.

सासरचं नाव वेगळं. लग्नात ताटात तांदूळ पसरून यांनी अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं होतं. सासूबाईंनी निवडलेलं. सगळ्यांनी ते म्हणून पाहिलं, पेढे खाल्ले, आणि त्यानंतर त्या नावानं मला कुणी हाक मारली नाही. सासूबाईंची मी ‘अगं’, गल्लीची ‘काकी’, आणि हे नुसतेच ‘ऐकलंस का’ म्हणायचे. मी ते नाव विसरूनही गेले होते.

हे विसरले नव्हते. पहिल्याच वर्षी यांनी आयुष्याचा विमा काढला आणि नॉमिनी म्हणून बायकोचं तेच नाव सांगितलं. कौतुकानंच सांगितलं असणार. आता त्या कौतुकाला काय म्हणू.

एके दिवशी हे कारखान्यातून छाती धरूनच आले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. घर भाड्याचं, मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तिचं शिक्षण पुरं होणार की ती घरी बसणार, हे त्या पॉलिसीवर होतं. माझ्यासारखी आणखी एक मला घरात नको होती.

विमा कंपनीच्या खिडकीवरच्या बाबूनं कागद पाहिले, मग मला पाहिलं.

“इसमें तो कोई और मैडम हैं. आप कौन?”

“मीच ती. मतलब, मैं ही हूँ.”

“सरनेम एक, पति एक, औरतें दो. पहली वाली कहाँ हैं?”

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. माझे कान तापले. बरोबर आलेल्या सासूबाई पुढे झाल्या. “भिया, ये मेरी बहू है. नाम मैंने रखा.”

“माताजी, नाम रखा तो कागज में भी रखतीं.”

लग्न धारला, सासूबाईंच्या माहेरी लागलं होतं. नोंदणी कुणी केली नव्हती. म्हणून धारला बसनं गेलो, लग्न लावलेल्या गुरुजींना शोधलं. गुरुजी थकलेले, पण त्यांना आठवत होतं. त्यांनी तसं लिहून दिलं, वर आम्हाला जेवूनही घातलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. ते पत्र घेऊन खिडकीवर गेले तर बाबू म्हणाला, “पंडितजी सरकारी हैं क्या?”

दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र केलं. कंपनीवाले म्हणाले, हे तर तुम्हीच तुमच्याबद्दल सांगताय. मग कुणी सांगायचं? ज्यांनी सांगायचं ते गेले म्हणूनच मी खिडकीवर उभी होते.

शेवटी साहेबांपर्यंत गेले. ते समजावणीच्या सुरात बोलले. “समझिए बहनजी. हमने आपको दे दिया और कल वो आ गईं तो?”

“कौन?”

“जिनका नाम लिखा है.”

खोटं नाही सांगत, त्या आठवड्यात दाराची कडी वाजली की मी आधी फटीतून बघून घ्यायचे. जणू ती खरंच आली.

नॉमिनीची ओळख पटत नाही, असं कंपनीनं लेखी कळवलं. मग एका वकीलबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, “नॉमिनी म्हणून तुमचा हक्क कंपनीनं नाकारला. भांडता येईल, पण त्यात मुलीची वर्षं जातील. त्यापेक्षा वारस म्हणून कोर्टातून दाखला काढू. फक्त वारस तिघी. तुम्ही, मुलगी आणि सासूबाई. त्यांचाही वाटा निघेल.”

मी सासूबाईंकडे बघायचं टाळलं. त्यांचा मुलगा गेला होता, म्हातारपण पुढे होतं. मागितला असता तर मी कोणत्या तोंडानं नाही म्हणणार होते? त्या म्हणाल्या, “वाटा सोडला असं लिहायला कुठे सही करायची ते दाखवा. पण माझ्या सुनेला हे लोक नाही म्हणाले, ते कुठे लिहायचं?”

वकीलबाईंनी वाटा सोडल्याचा कागद पुढे केला. दुसऱ्या गोष्टीला त्यात रकाना नव्हता.

कोर्टाचा दाखला हातात यायला मुलीचं वर्ष जवळजवळ संपलं. कॉलेजनं फीसाठी थांबण्याचं मोठेपण दाखवलं, नाहीतर काही खरं नव्हतं. दाखल्यावर माझं माहेरचंच नाव आलं. यांनी लिहिलेल्या नावाची बाई कुठेच उरली नाही.

पैसे मिळाल्याच्या पावतीवर सही करायला पुन्हा त्याच खिडकीवर गेलो. पेन उघडलं आणि माझा हात अडला. इतक्या कागदांवर इतक्या तऱ्हेनं सह्या झाल्या होत्या की नक्की कोणती करायची ते सुचेना. बाबूला विचारलं.

“दोनों में से जो जिंदा है, उसकी,” तो म्हणाला.

सासूबाई बाकावरून उठल्या. “दोनों जिंदा हैं भिया. मैं रोज दोनों के हाथ का खाती हूँ.”

बाबूनं पावतीवर बोट ठेवून जागा दाखवली. मी दाखल्यावरच्या नावानं सही केली, मुलीच्या कॉलेजला फोन लावला, आणि फोन लागेपर्यंत सासूबाई त्या खिडकीसमोरून हलल्या नाहीत.