तीस हजार एकतीस

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मूळ संख्या कधीच संपत नाहीत याची सिद्धता देताना सरांनी फळ्यावर लिहिलं: दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा या मूळ संख्यांचा गुणाकार करून एक मिळवला, की येणारी संख्या मूळच असते. गुणाकार तीस हजार तीस, म्हणून संख्या तीस हजार एकतीस. या सहांपैकी कशानंही भागा, बाकी एकच उरते. वर्गानं उतरवून घेतलं, मीही घेतलं.

पण चैन पडेना. माझे वडील कबनूरच्या मागांवर वहिफणीचं काम करायचे. नव्या सुताची एकेक तार फणीतून ओवायची. शेवटची ओवली की ते पुन्हा पहिलीपासून बोट फिरवत, कारण मधली एखादी चुकली तर कापडभर रेघ पडते. सुट्टीत समोर बसून त्यांना तारा देता देता मलाही ती खोड लागली होती. तेरापर्यंत भाग जात नाही, हे कळलं. पण तेराच्या पुढं कुणी पाहिलं होतं?

घरी जाताना एसटीतच भागायला घेतलं. सतरानं नऊ उरले, एकोणिसानं अकरा. भागत गेले. एकोणसाठनं काहीच उरलं नाही. उत्तर पाचशे नऊ. गुणून पाहिलं, पुन्हा तेच.

वर्गात बोलायची मला धास्ती असे. तोंड उघडलं की गावची बोली यायची आणि मागच्या बाकांवर हसू फुटायचं. तरी दुसऱ्या दिवशी सरांनी उजळणीला तेच पुन्हा फळ्यावर लिहिलं, तेव्हा उभी राहिले.

"सर, त्याला एकोणसाठनं भाग जातोय की."

हसू फुटलंच. मी पुढं होऊन फळ्यावर ५९ × ५०९ लिहिलं. सरांनी तिकडं नीट पाहिलंही नाही.

"कबनूरची ना तू? असले हिशेब मागावर चालतात. इथं सिद्धता लागते. पूस ते."

डस्टर माझ्या हातात दिला. आमच्यासारख्या मुलींनी शेवटच्या वर्षाला गणित घेऊ नये, असं ते दरवर्षी सांगत. आता पुसलं तर तेही मान्य केल्यासारखं होणार होतं.

"न्हाय पुसणार, सर. आधी गुणून बघा."

डस्टर टेबलावर ठेवला आणि तिथंच उभी राहिले. शेवटी सरांनी खडू घेतला, गुणाकार केला. खाली तीस हजार एकतीस आलं. मग त्यांनी 'मूळच असते' एवढंच पुसलं.

मी म्हणाले, सिद्धता मोडत नाही. एकोणसाठ आणि पाचशे नऊ, दोन्ही मूळ आहेत आणि आपल्या सहांत नाहीत. ही संख्या स्वतः मूळ नसली तरी यादीबाहेरची मूळ संख्या तिच्यातून निघतेच, आणि...

"कळलं, बस आता," सर म्हणाले.

...आणि सिद्धतेला तेवढंच पुरतं, हे सांगून मगच बसले.

शेवटच्या वर्षाला गणित घेतलं. सल्ला विचारायला गेले नाही.